आजार लिव्हरचा, मग रक्त का गोठत नाही?

कावीळ झालेल्या पेशंटचा ‘पीटी-आयएनआर’ रिपोर्ट येतो. एकच्या आसपास असायला हवा तो आकडा दोनच्या वर गेलेला असतो. घरचे गोंधळतात. आजार लिव्हरचा, मग रक्तात बिघाड कसा?

कारण रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं मुळात लिव्हरमध्येच बनतात. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, फॅक्टर ५, ७, ९, १० हा सगळा माल तिथूनच रक्तात येतो. त्यातला फॅक्टर ७ चार-सहा तासांतच निम्म्यावर येतो. त्यामुळे लिव्हर दमलं की आधी त्याचाच तुटवडा पडतो आणि आयएनआर चढतो.

फॅक्टर ८ ची गोष्ट वेगळी. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी बनवतात, त्यातही मुख्यतः लिव्हरमधल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या. लिव्हर खराब झालं तरी तो सहसा घटत नाही, उलट वाढलेलाच दिसतो. डॉक्टरांना याचा उपयोग होतो. फॅक्टर ५ कमी आणि ८ शाबूत असेल तर संशय लिव्हरवर. दोन्ही घसरले असतील तर अंगभर रक्त गोठून माल संपत चाललाय, असं समजायचं. गंभीर जंतुसंसर्गात किंवा घोणस चावल्यावर असं होतं.

कधी कधी लिव्हर ठीक असतं, पण पित्ताच्या नळीत खडा अडकलेला असतो. पित्त आतड्यात उतरलं नाही की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि त्याच्याविना फॅक्टर २, ७, ९, १० अर्धवटच राहतात. अशा वेळी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं की आयएनआर साधारण दिवसभरात उतरायला लागतो. लिव्हरच्या पेशीच मेल्या असतील तर फारसा फरक पडत नाही. कारखानाच बंद, कच्चा माल ओतून काय होणार?

खरा घोळ पुढे आहे. ‘रक्त पातळ झालंय, म्हणजे गुठळी तरी होणार नाही,’ असं घरचे म्हणतात. तसं नाही हो! गोठणं आवरणारी प्रोटीन सी, अँटीथ्रॉम्बिन ही प्रथिनंही लिव्हरच बनवतं. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही कमजोर. म्हणून सिरॉसिसच्या पेशंटला रक्तस्राव होतो, तशीच पोटातल्या पोर्टल शिरेत गुठळीही होते. आयएनआर फक्त एकच बाजू मोजतो. त्यामुळे पोटातलं पाणी काढण्याआधी निव्वळ तो आकडा खाली आणायला प्लाझ्माच्या पिशव्या चढवणं आता सहसा टाळलं जातं.