पालवणकर, बाळू
पालवणकर, बाळू : (सु. १८७५–१९५५). विसाव्या शतकाच्या आरंभीचे श्रेष्ठ भारतीय क्रिकेटपटू. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांचा लौकिक होता. तत्कालीन समाजव्यवस्थेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात त्यांचा जन्म झाला. पुण्यात मैदानाची निगा राखण्याची नोकरी करीत असताना पूना क्लबच्या यूरोपीय खेळाडूंना, विशेषतः कॅप्टन ग्रेग यांना, सरावासाठी चेंडू टाकताना त्यांची गोलंदाजी घडत गेली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळविले. मात्र मैदानावर एकाच चेंडूला सर्वांचा स्पर्श होत असला, तरी चहापानाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई.

पुढे ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने यूरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळविला. त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघाने इंग्लंडचा दौरा केला. हा संघ दुबळा ठरला, तरी बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. लेस्टरशर व सॉमरसेट या कौंटी संघांवर भारतीयांनी मिळविलेल्या विजयांत बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांचा खेळ उल्लेखनीय होता. भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्यामुळे बाळूंच्या नावावर कसोटी सामना नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी सरासरी १५·२१ धावांनी मिळविले.

अनुभव व कामगिरी यांच्या बळावर हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे यावयास हवे होते; पण जातीमुळे ते त्यांना नाकारण्यात आले. १९२० मध्ये त्यांना संघातूनही वगळल्यामुळे विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. लोकमताच्या दडपणाखाली बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावास न लाभलेला मान अशा रीतीने धाकट्यास मिळाला.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. इंग्लंडमधील यशाबद्दल झालेल्या त्यांच्या गौरवात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत मात्र बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहिले व अल्प मतांनी पराभूत झाले.