अरबीच्या वर्गात (लेखांक ६) : स्वर ठरवायचे कोणी?

शाळेतली फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी, आणि घरातली बोली यांच्यातली दरी आपण मागच्या लेखात पाहिली. अरबी वाचणाऱ्या मुलापुढची दुसरी अडचण लिपीतच आहे. कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा असतात. कादंबरीत आणि वर्तमानपत्रात त्या सहसा छापत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरे दिसली, तर ती ‘कतबा’ म्हणजे ‘त्याने लिहिले’, ‘कुतिबा’ म्हणजे ‘लिहिले गेले’ की ‘कुतुब’ म्हणजे ‘पुस्तके’, हे वाक्याचा अर्थ लागल्यावरच कळते. शब्दाच्या शेवटचा स्वर तर कर्ता कोण आणि कर्म कोणते हे सांगतो आणि नेमका तोच कागदावर नसतो.

हा निर्णय प्रत्येक मूल मनातल्या मनात घेते. शिक्षकाला तो ऐकू येत नाही, म्हणून चूक कुठे झाली हेही समजत नाही. गटवाचनाचा खरा उपयोग इथे आहे.

सीरियाचे कथाकार ज़करिया तामिर यांची पिंजऱ्यातल्या वाघाची प्रसिद्ध कथा घ्या. १९७८च्या कथासंग्रहाला तिचेच नाव आहे : ‘दहाव्या दिवशीचे वाघ’. वाक्ये छोटी आणि कथानक दिवसागणिक पुढे सरकणारे, त्यामुळे ती वाटून वाचायला सोयीची. त्यात वाघाला वठणीवर आणणारा माणूस आहे, ‘मुरव्विद’. स्वरखुणा काढल्या की तोच शब्द ‘मुरव्वद’ असाही वाचता येतो आणि मग अर्थ होतो ‘वठणीवर आणलेला’. एकाने असे वाचले, दुसऱ्याने तसे, की गट थांबतो. ‘वाघ अजून डरकाळ्या फोडतोय, मग तो वठणीवर आला कधी?’ असे कोणी विचारते. व्याकरणाचा नियम आणि कथेचा आशय असे एकाच वादात तपासले जातात.

गट चार-पाच जणांचा असावा. एक प्रश्न काढतो, एक अवघड शब्दांची मूळ अक्षरे शोधतो, एक गोषवारा लिहितो, एक गोष्टीचा धागा स्वतःच्या अनुभवाशी जोडतो. अमेरिकेत हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४च्या पुस्तकामुळे ही पद्धत रुजली. या भूमिका म्हणजे तात्पुरता आधार आहे, तक्ते भरण्याचे काम नव्हे, हेही त्यांनीच पुढे बजावले. म्हणून कामे दर वेळी बदलावीत. नाहीतर हुशार मुलगी बोलत राहते आणि बाकीचे माना डोलावतात.

मग गटात बोलायचे कोणत्या भाषेत? ‘का’ विचारताना दमास्कसचा मुलगा ‘लेश’ म्हणतो, कैरोचा ‘लेह’, आणि फुस्हात ‘लिमाज़ा’. पहिल्या शब्दापासून फुस्हाची सक्ती केली, तर वादच होणार नाही आणि वाद नसेल तर गट कशाला? चर्चा बोलीत होऊ द्यावी. शेवटचा पाच ओळींचा गोषवारा मात्र फुस्हातच लिहून घ्यावा आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. बोलीत पटलेला अर्थ फुस्हात मांडताना मुलांना शब्दांचे शेवट ठरवावेच लागतात.

शिक्षकाने या वेळात उत्तरे देत फिरू नये. गट कुठे अडला आणि कोणत्या पुराव्यावर सुटला, याची टिपणे ठेवावीत. त्या टिपणांवरून गुण कसे द्यायचे, ते पुढच्या आठवड्यात.