जीपचा टप : कापडी, फायबरचा की पत्र्याचा?

जुन्नर तालुक्यात पाऊस दोन तऱ्हांचा पडतो. नाणेघाटाच्या अंगाला तो आषाढात आठ-आठ दिवस उघडत नाही आणि नारायणगावच्या पुढे पूर्वेकडे गेले की लोक ढगाकडे डोळे लावून बसलेले असतात. ओतूरच्या वरच्या अंगाला माझ्या ओळखीचे एक शेतकरी कुटुंब आहे. थोडे भात, विहिरीवर टोमॅटो व कांदा, दोन भाऊ एकत्र, आणि दारात जुनी एमएम ५४० जीप. मुलांची शाळा, खताची पोती, नारायणगावच्या बाजाराला जाणारे टोमॅटोचे क्रेट, पाहुणेरावळे, सारे काही त्या एका जीपवर चालते.

गेल्या आषाढात एका रात्री घरातल्या आजींना धाप लागली. भर पावसात त्यांना जीपमध्ये घालून जुन्नरला दवाखान्यात न्यावे लागले. कापडी हूडच्या बाजूच्या पडद्याची साखळी तुटलेली होती. वहिनींनी आपल्या अंगावरचे घोंगडे आजींवर धरले, तरी दवाखान्यात पोचेपर्यंत आजी ओल्याचिंब झाल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण घरात एक गोष्ट ठरली, जीपला कडक टप बसवायचाच.

धाकटा भाऊ म्हणाला, “पत्र्याचाच बसवू, वर कॅरिअर ठोकू, म्हणजे मालही वर जाईल.” थोरल्याचे म्हणणे वेगळे होते, “टोमॅटोच्या हंगामात मागची बाजू मोकळी नसेल तर क्रेट रचायचे कसे? काढता-घालता येईल असाच टप पाहिजे.” मी बीजप्रक्रियेच्या कामासाठी तिकडे गेलो, तेव्हा हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

मी शेतीचा पदवीधर, मोटारीचा तज्ज्ञ नव्हे. पण नोकरीची पस्तीसेक वर्षे जीपमध्ये गेली. फाटक्या हूडात भिजलो आहे, पत्र्याच्या टपाखाली भाजलो आहे. पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारात आज जुनी जीप किंवा ‘थार’ उभी आहे. म्हणून त्या घरी जे बोलणे झाले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे या हेतूने इथे मांडत आहे.

हूडची जीप आपल्याकडे कशी आली

मुंबईत माझगावला १९४९ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली. ही गाडी मुळात लष्करासाठी घडवलेली. वजन कमी, बांधा मोकळा आणि वर कापडी हूड. पुढे महिंद्रच्या अनेक जीपगाड्यांनी तोच बांधा चालवला. २०१० साली ‘थार’ आली, २०२० साली तिची नवी पिढी आली आणि तिला कारखान्यातूनच कडक टपाचाही पर्याय मिळाला. जुन्या जीपला मात्र कडक टप हवा असेल तर तो बाहेरच्या कारागिराकडून करून घ्यावा लागतो. निवड करायची वेळ येते ती इथेच.

कापडी हूड

कापडी हूड सर्वांत स्वस्त, सर्वांत हलका आणि एकट्या माणसाला काढता येणारा. उन्हाळ्यात बाजूचे पडदे गुंडाळले की वारा खेळतो. त्याचे दोष मात्र आपल्याला ठाऊक आहेत. धूळ आत येते, शिवण गळते, आणि कुलूप लावण्याची सोय नसल्यामुळे बाजारात गाडी उभी करून पंपाची मोटार किंवा औषधाचे खोके आत ठेवता येत नाही.

पुष्कळ ठिकाणी हूड खराब होतो तो आपल्याच हलगर्जीने. ओला हूड घडी करून ठेवला की त्याला बुरशी लागते आणि कापड कुजते. तो पूर्ण वाळल्यावरच घडी करावा. पडद्यातली प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नये, धुळीने तिच्यावर चरे पडतात. आधी पाणी ओतावे, मग पुसावे. रॉकेल किंवा डिझेलने तर ती कधीच पुसू नये. ज्यांच्या भागात पाऊस बेताचा आहे आणि गाडी मुख्यतः शेतमालाला लागते, त्यांनी जुना हूड नीट शिवून, साखळ्या व बटणे बदलून घेतली तरी भागते. प्रत्येकाने कडक टपाच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही.

पत्र्याचा टप

पत्र्याच्या टपाचा मोठा गुण म्हणजे तो कुठल्याही गावात दुरुस्त होतो. पोचा आला तर ठोकून काढता येतो, तडा गेला तर वेल्डिंग होते. कुलूप लागते, माल सुरक्षित राहतो.

दोष तीन. पहिला गंज. जोडाच्या फटीत पाणी मुरते आणि रंगाच्या आतून गंज चालू होतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. दुसरा ऊन आणि आवाज. चैत्रात तो तव्यासारखा तापतो आणि पावसात ढोलासारखा वाजतो. आतून अस्तर लावावे, पण जाड नमदा लावला तर तो पाणी धरून ठेवतो व गंजाला मदत करतो. पाणी न शोषणारा फोम बरा. बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग द्यावा, म्हणजे टप कमी तापतो. तिसरा दोष वजनाचा.

फायबरचा टप

काचतंतू आणि राळ यांचा हा टप गंजत नाही, साच्यातून निघत असल्याने जोड कमी असतात आणि म्हणून गळतीही कमी. पण तो पत्र्यासारखा वाकत नाही, तडकतो. बोल्ट जास्त आवळले तर भोकापासूनच चीर जाते. म्हणून प्रत्येक बोल्टखाली रुंद वायसर आणि रबर हवेच. वर्षानुवर्षे उन्हात राहिला की पृष्ठभाग पांढुरका, भुकटीसारखा होतो. तसे दिसू लागताच घासून पुन्हा रंगवावा. चीर गेली तर काचतंतूची चटई आणि राळ लावून जोडता येते. मात्र फायबर घासताना उडणारी भुकटी अंगाला खाजते व श्वासातून आत जाते. नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. फायबर पेट घेते, हेही लक्षात असावे.

वजनाचा हिशेब

धाकट्या भावाला मी कागदावर हिशेब करून दाखवला. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो. त्याचे वजन चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरते. ३ मिलिमीटर जाडीचे फायबर चौरस मीटरला साडेचार ते पाच किलो. छप्पर आणि बाजू मिळून ५ चौरस मीटर धरले, तर पत्रा ४७ किलोच्या आसपास जातो आणि फायबर २५ किलोच्या आत राहते. लोखंडी कमानी, काचा व मागचा दरवाजा यांचे वजन दोन्हीकडे वेगळे.

हे वजन गाडीच्या डोक्यावर असते. बैलगाडीत कडबा फार उंच रचला तर वळणावर ती कशी कलते, ते आपण पाहिलेले आहे. जीपही तशीच. माळशेजसारख्या घाटात जड टप, त्यावर कॅरिअर, त्यावर पोती म्हणजे कलण्याला आमंत्रणच. कॅरिअरचा बेत तेव्हाच बारगळला.

काढलेला टप ठेवायचा कुठे?

हा प्रश्न वहिनींनी विचारला आणि आम्ही तिघेही पुरुष गप्प झालो. “टप काढाल हो, पण ठेवाल कुठं? गोठ्यात गायी, पडवीत कांदा, आणि अंगणात ठेवला तर उन्हानं जाईल.” खरे सांगायचे तर काढता येणारा टप घेण्याआधी सर्वांत प्रथम याचाच विचार केला पाहिजे. जागा नसेल तर तो टप एकदा बसतो तो पुन्हा निघतच नाही आणि जादा पैसे वाया जातात.

टप एका कडेवर भिंतीला टेकवून ठेवू नये, तो पिळतो व पुढच्या खेपेस भोके जुळत नाहीत. दोन लाकडी घोड्यांवर सपाट ठेवावा किंवा आढ्याला चेन-पुली लावून रुंद पट्ट्यांनी टांगावा. मात्र आढे मजबूत आहे ना, हे आधी सुताराला दाखवावे. रबराच्या पट्ट्या उंदीर कुरतडतात, त्या काढून डब्यात ठेवाव्यात. फायबरचा टप चुलीजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी ठेवू नये. टप उचलताना चार कोपऱ्यांना चार माणसे हवीत आणि वारा सुटलेला असताना हे काम करू नये. मागच्या वायपरची व दिव्याची वायर सॉकेटने जोडून घ्यावी. नाहीतर दर वेळी वायर तोडणे-जोडणे होते.

धुराचा धोका

नोकरीच्या सुरुवातीला मला फिरतीसाठी एक जीप मिळे. तिला कडक टप होता, पण मागचा दरवाजा मोडल्यामुळे मागची बाजू उघडीच असे. एकदा थंडीत पुढच्या काचा बंद करून आम्ही पाच जण घाट चढलो. वर पोचेपर्यंत पाचांचीही डोकी ठणकू लागली आणि मागे बसलेल्याला ओकारी झाली. आम्ही समजलो गाडी लागली. पुढे एका जाणत्या मेकॅनिकने कारण सांगितले. गाडी पुढे जाताना तिच्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि ती सायलेन्सरचा धूर व धूळ आत ओढून घेते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या गाडीत तो अधिक, पण डिझेलचा धूरही घातकच.

म्हणून कडक टप बसवला की मागचा दरवाजा लावूनच गाडी चालवावी. मागे उघडे ठेवणे भागच असेल तर पुढच्या काचाही उघड्या ठेवाव्यात. सायलेन्सरचे तोंड गाडीच्या बाहेर निघालेले असावे व त्याला भोक नसावे. लहान मुले, गरोदर बाया आणि आजींसारखी दम्याची माणसे यांच्यासाठी ही काळजी अधिकच घ्यावी.

टप म्हणजे चिलखत नव्हे

कडक टप बसला की घरातल्यांना वाटते, आता गाडी उलटली तरी भीती नाही. तसे नाही. फायबरचा असो वा पातळ पत्र्याचा, हा टप ऊन, पाऊस व चोर यांच्यापासून राखण करतो. उलटलेल्या गाडीचा भार तो पेलत नाही. हूडच्या कमानीही त्यासाठी नसतात. जीव वाचवायला बेताचा वेग, सीटचा पट्टा आणि सांगाड्याला पक्की जोडलेली मजबूत नळ्यांची चौकट लागते. टप काढलेला असताना मुलांना फाळक्यावर बसवू नये. खिडक्यांना घराची साधी काच न लावता गाडीची सुरक्षित काच लावावी. नियमाप्रमाणे मागच्या काचेतून ७० टक्के व बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे.

आधी कागद, मग कारागीर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हूडच्या गाडीवर बाहेरचा कडक टप हा असा बदल ठरू शकतो. “सगळेच बसवतात” हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही. म्हणून गाडीचे नोंदणीपुस्तक घेऊन आधी परिवहन कार्यालयात जावे, लेखी परवानगी घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. परवानगी मिळाली नाही, तर हूडच नवा करून घ्यावा.

कारागिराशी बोलतानाही तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. फायबरची किंवा पत्र्याची जाडी, बोल्टची संख्या आणि गळल्यास फुकट दुरुस्तीची मुदत. एका परिचिताचा टप एका कारागिराने नुसते स्क्रू मारून बसवला होता. दोन वेळा काढल्यावर भोके मोठी झाली आणि पाणी थेट सीटवर. काढत्या टपाला नट-बोल्टच हवेत, आणि पैसे चुकते करण्यापूर्वी टपावर पाच-दहा बादल्या पाणी ओतून पाहावे.

त्या घरी काय ठरले

वहिनींनी दोरीने पडवी मोजली आणि कांद्याची चाळ हातभर सरकवून जागा केली. थोरल्याने परिवहन कार्यालयात अर्ज दिला आणि लेखी परवानगी हाती आल्यावरच कारागिराला इसार दिला. फायबरचा टप ठरला. तो मृगापूर्वी चढवायचा व पाऊस संपल्यावर उतरवायचा. इतर महिन्यांत जुना हूड, नव्या साखळ्या लावलेला. क्रेटला जागा मोकळी.

ज्याचा पाऊस कमी, त्याने हूड सांभाळावा. ज्याच्या गाडीत बारमाही कुलपाचा माल आणि खाली सपाट रस्ता, त्याला पत्र्याचा टप चालेल. ज्याला पावसात माणसे आणि उघाडीत माल न्यायचा आहे, आणि ज्याच्या घरी टप ठेवायला पडवी आहे, त्याने काढता फायबरचा घ्यावा. शेजाऱ्याची जीप पाहून मात्र कोणीच ठरवू नये.

यंदाच्या आषाढात मी पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा आजी तपासणीसाठी जुन्नरला निघाल्या होत्या. पाऊस कोसळत होता. आजी जीपमध्ये बसल्या, टपाला आतून हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “कोरडं हाय रं. चला आता.”