उधारी नको, हातभार द्या
घरची माणसे पाठीशी असली तरच बाईचा धंदा टिकतो

गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, कर्ज मिळंल हो, पण घरची करू देतील का?" मसाला असो, पापड-शेवया असोत, शिलाई असो की शेळ्या, धंदा कोणताही काढा, प्रश्न हाच. आणि तो खरा आहे. माल चांगला असूनही वर्षाच्या आत बंद पडलेले धंदे पाहिले, तर कारण बऱ्याचदा बाजारात नसते, उंबऱ्याच्या आत असते.

लिज्जत पापडाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. जवळ भांडवल नव्हते. छगनलाल पारेख या समाजसेवकांनी ८० रुपये दिले. ते देणगी म्हणून नव्हे, उसने म्हणून! पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, असा मार्ग काढला. पारेखांनी आणखी एक गोष्ट शिकवली. हिशेब चोख ठेवा आणि धंदा धंद्यासारखा करा. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यातून घ्यायचा धडा असा, की मदत म्हणजे नुसते कौतुक नव्हे आणि फुकटचा पैसाही नव्हे.

मैत्रिणीची उधारी

धंदा सुरू झाला की पहिली गिऱ्हाइके म्हणजे शेजारीण, नणंद, जाऊ. "दे गं अर्धा किलो, पैसं बाजारच्या दिवशी देते." बाजार येतो नि जातो, पैसे येत नाहीत. मागावे तर नाते दुखावते.

आता हिशेब करा. समजा एक किलो मसाल्याला ४०० रुपये खर्च आला आणि तो ५०० ला विकला, तर नफा १०० रुपये. एक किलोची उधारी बुडाली, तर अडकलेले ४०० रुपये भरून काढायला चार किलो मसाला रोखीने विकावा लागतो. म्हणजे चार किलोची मेहनत पाण्यात! तेव्हा मैत्रिणींनो, खरी मदत करायची तर रोख घ्या. पापड खारट झाला तर तिच्या तोंडावर सांगा, पाठीमागे नको. आणि चांगला झाला तर माहेरी, सोयऱ्याधायऱ्यांत चार ठिकाणी सांगा.

कर्ज तिचे, खत कोणाचे?

दुसरी गोष्ट कारभाऱ्यांसाठी. जूनमध्ये बी-खताला पैसा लागतो. गटाचे कर्ज नुकतेच हातात आलेले असते. "आधी पेरणी होऊ दे, मग तुझं बघू" म्हणून ते शेतात जाते. मग कांडप यंत्र राहते बाजूला आणि हप्ता फेडायला बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. अडचण शेतकऱ्यालाही असते, हे आम्ही रोज पाहतो. पण पिकाला पीककर्ज आहे. धंद्याचा पैसा धंद्यातच राहू द्या. घ्यावाच लागला तर तिच्या वहीत उसना म्हणून लिहा आणि माल विकला की परत करा. घरचे उडीद, मिरची वापरली तर तीही बाजारभावाने खर्चात धरा. नाहीतर नफा झाला की तोटा, हेच कळत नाही.

वेळेचा हातभार

बाईचा दिवस पहाटे सुरू होतो. पाणी, धार, स्वयंपाक, मग रान. त्यावर धंदा चढवला तर ती किती दिवस ओढील? म्हणून कामे वाटून घ्या. धार मुलाने काढावी, पाणी कारभाऱ्याने भरावे, नातवंडे सासूबाईंनी सांभाळावीत. सासूबाईंच्या हातचे प्रमाण तर कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही. ते सुनेला वजनाने लिहून द्या. बाजारच्या दिवशी गाडीवरून पोती नेऊन दिली, तरी तिचा अर्धा भार हलका होतो.

ग्रामपंचायतीने काय करावे?

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही काम आहे. आठवडी बाजारात बायकांना बसायला ठरलेली जागा द्या. महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा १० टक्के निधी वर्षअखेरीस कसाबसा न संपवता गटांना विचारून खर्च करा. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्यायला लोकांना सांगा. खाण्याचा माल विकणाऱ्या बायकांना अन्न नोंदणीचा अर्ज भरून द्या. पाकिटावर वजन आणि तारीख असावी, हेही समजावून सांगा.

तिचा धंदा चालला तर पैसा शेवटी त्याच घरात येतो. मुलांच्या फीला, दवाखान्याला, वेळप्रसंगी पेरणीलाही तोच कामी येतो. पण आधी तो उभा तर राहू द्या. येत्या बैठकीला बायकांबरोबर कारभारी आणि सासूबाईंनीही यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.