फेरीमागे दोन रुपये, मुलांच्या वाटेसाठी

ज्या शहरात सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळेसमोरचा रस्ता निर्धास्तपणे ओलांडता येत नाही, त्या शहराने आपल्या उत्तुंग इमारतींचा आणि सागरी महामार्गाचा कितीही अभिमान बाळगला, तरी त्याच्या नागरी जीवनात एक मोठे न्यून राहून गेले आहे, असेच म्हणावे लागेल. मुंबई आज त्या स्थितीत आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास कोणत्याही मराठी वस्तीतील शाळेच्या फाटकाशी क्षणभर उभे राहावे. सकाळच्या अधिवेशनाची मुले बाहेर पडत असतात, दुपारच्या अधिवेशनाची मुले आत शिरत असतात. आणि या दोन प्रवाहांच्या मधून मोटारी, दुचाक्या, रिक्षा, सामानाचे टेम्पो आणि भ्रमणध्वनीवरून मागविलेल्या टॅक्सी आपापली वाट काढीत असतात. पदपथावर दुकाने आहेत, झेब्रा पट्टे पुसले गेले आहेत, आणि एका हाताने दप्तर व दुसऱ्या हाताने मूल सांभाळणारी आई रस्त्याच्या कडेला, ‘आता जावे की थांबावे’ या विवंचनेत उभी आहे. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यात काही गैर आहे हेही आपल्या ध्यानात येईनासे झाले आहे.

आकडे मात्र ध्यानात आणून देतात. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे मरणाऱ्या दर पाचांतला सुमारे एक. अठरा वर्षांखालील मृतांची संख्या ९ हजार ५२८ होती. दर दिवसाला सव्वीस मुले! एखाद्या रोगाने या देशात रोज सव्वीस मुले दगावू लागली, तर केवढा हाहाकार उडेल! पाच ते एकोणतीस वर्षे वयाच्या माणसांच्या मृत्यूचे जगातील पहिले कारण रस्त्यावरील अपघात हेच आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. आपण मात्र या मृत्यूंना ‘दैव’ असे नाव देऊन मोकळे होतो.

प्रस्तुत लेखक वृत्तपत्रव्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होता. त्या काळात एकदा हजेरीपटावरील एका नावापुढे तांबडी रेघ ओढण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. मुलगा पाचवीत होता. शाळेपासून शंभर पावलांवर त्याला गाडीची धडक बसली होती. दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली, मुले घरी गेली, आणि त्यानंतरच्या सोमवारी त्याच रस्त्यावरून तशाच भरधाव गाड्या जात होत्या. हजेरी घेताना त्या नावाशी जीभ अडखळे. तो रस्ता मात्र आम्ही बदलून घेऊ शकलो नाही. तो बदलणे हे कोणाचे काम आहे, हेच त्या वेळी कोणी सांगेना.

वास्तविक या कामात दुर्घट असे काहीही नाही. सरासरी वेग शेकडा एकाने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका शेकडा चाराने वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून शाळेच्या परिसरात ताशी तीस किलोमीटरची मर्यादा. ती केवळ फलकावर न राहता चालकाच्या पायाला जाणवावी यासाठी पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेला ओलांडमार्ग. सलग व मोकळा पदपथ. फाटकासमोर गाडी थांबविण्यास बंदी व थोड्या अंतरावर मुलांना उतरविण्याची नेमून दिलेली जागा. आणि शाळा भरता-सुटताना एक रक्षक, एवढीच ही सामग्री आहे. भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर ख्राइस्ट चर्च शाळेपाशी काही वर्षांपूर्वी असा प्रयोग झाला. टांझानियातील दार-एस-सलामसारख्या, आपल्याहून गरीब शहरातही शाळांच्या वाटा अशाच साध्या उपायांनी सुरक्षित करण्यात आल्या, आणि त्या कार्याला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही. तो नित्य आणि निश्चित पैशाचा, व त्या पैशावर कोणाचा तरी हक्क असण्याचा आहे.

यासाठी आमची सूचना अशी की, ॲपवरून मागविलेल्या टॅक्सीच्या प्रत्येक फेरीवर दोन रुपयांचा अधिभार बसवावा, आणि त्याचा पैसा न् पैसा शाळांभोवतीच्या रस्त्यांवर खर्च करावा. रोज एक लाख फेऱ्या होतात असे केवळ हिशेबापुरते धरले, तरी वर्षाकाठी सात कोटी तीस लाख रुपये उभे राहतील. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने अशा प्रत्येक फेरीवर वीस सेंट आकारले आणि त्यातील निम्मी रक्कम फेरी जेथून सुरू झाली त्या गावाला देऊ केली. ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने त्याच वर्षी या कंपन्यांकडून किलोमीटरच्या हिशेबाने आकार घेण्यास आरंभ केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दोनतृतीयांशाहून अधिक बहुमताने भाड्यावर शेकडा सव्वातीन, आणि अनेकांनी मिळून केलेल्या फेरीवर शेकडा दीड असा कर मान्य केला. त्याचे निम्मे उत्पन्न सार्वजनिक वाहतुकीला आणि निम्मे पादचारी व सायकलस्वार यांच्या सुरक्षिततेला, अशी त्याची वाटणी आहे.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांसाठी आपण प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावले होते. रोजगार हमी योजनेसाठी या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला, आणि शहरातील पगारदाराने दुष्काळी खेड्यातील मजुराचा भार उचलला. बेस्टच्या तिकिटात तर मुलांच्या पोषणासाठी काही पैशांचा अधिभार वर्षानुवर्षे अंतर्भूत होता. बसच्या दांड्याला लोंबकळत जाणाऱ्या उतारूने जे निमूटपणे दिले, ते वातानुकूलित टॅक्सीत बसणाऱ्याला जड का जावे?

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि ते सर्वच पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, अपघात काही एकट्या टॅक्सीच करीत नाहीत; मग भुर्दंड त्यांनाच का? आमचे उत्तर असे की, हा अधिभार दंड नव्हे. शाळेच्या दाराशी गर्दी करणाऱ्यांत पालकांच्या मोटारीही आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु सार्वजनिक रस्ता हेच ज्या व्यापाराचे दुकान आहे, त्याने त्या दुकानाच्या देखभालीस हातभार लावावा हे न्याय्यच आहे. शिवाय येथे प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते. वसुलीसाठी नवे खाते आणि नवे कारकून नेमावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप चालकांच्या वतीने येईल, आणि तो अधिक गंभीर आहे. कर्जाचे हप्ते, इंधन आणि कंपनीचा वाटा देऊन हाती उरते ते अपुरे, म्हणून जुलै २०२५ मध्ये या शहरातील चालकांना संप करावा लागला. त्यांच्या मिळकतीतून हा पैसा जाता कामा नये. तो पावतीवर भाड्याहून वेगळा दाखवावा, प्रवाशाकडून घ्यावा, आणि चालकाच्या हिश्शातून कापणाऱ्या कंपनीचा परवाना धोक्यात येईल असे नियमातच नमूद करावे. मोटार वाहन कायद्याच्या ९३ व्या कलमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार या कंपन्यांना परवाना देण्याचा अधिकार राज्य शासनाकडेच आहे.

तिसरा प्रश्न खुद्द महापालिकेसंबंधीचा. जिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, तिला दोन-दोन रुपये गोळा करण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. पण हजारो कोटींच्या कामांना अभियंते असतात, ठेकेदार असतात, उद्‌घाटनाला मंत्री असतात. शाळेसमोरच्या उचललेल्या ओलांडमार्गाला कोणी वाली नसतो. मोठ्या तिजोरीत लहान कामाचा आवाज ऐकू येत नाही. स्वतंत्र निधी असला की मुख्याध्यापकाला आणि पालकांना ‘आमचा पैसा कोठे आहे’ असे विचारता येते. हा अधिकार रकमेपेक्षा मोलाचा आहे.

अर्थात निधीला नाव दिले म्हणजे तो योग्य जागी पोहोचतोच असे नाही. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी २००६-०७ पासून दहा वर्षांत गोळा झालेल्या ८३ हजार कोटींहून अधिक उपकरासाठी स्वतंत्र निधीच उभारला गेला नव्हता, हे महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे तीन अटींवाचून या अधिभाराला आमचा पाठिंबा नाही. पैसा राज्याच्या तिजोरीत न मिसळता थेट महापालिकेच्या स्वतंत्र खात्यात जावा. कोणत्या प्रभागातील कोणत्या शाळेवर किती खर्च झाला, हे दर सहा महिन्यांनी त्या शाळेच्या फलकावर लागावे. आणि पाच वर्षांनी परिणाम तपासून, तो दिसला नाही तर अधिभार आपोआप रद्द व्हावा. कामाचा आरंभही पालिकेच्या शाळांपासून व्हावा, कारण तेथील बहुतेक मुले पायीच येतात.

परवाना राज्याचा, रस्ता पालिकेचा आणि शिटी वाहतूक पोलिसांची, अशा त्रिस्थळी यात्रेत आजवर हा प्रश्न भटकत राहिला. तो परिवहन मंत्री आणि महापालिका आयुक्त यांनी एका मेजावर बसून सोडवावा, असे आमचे त्यांना आग्रहाचे सांगणे आहे. पदपथावरून सुरक्षितपणे चालणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो अधिकार सर्वांत आधी त्याला मिळावा, ज्याची उंची मोटारीच्या चालकाला काचेतून दिसतही नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, नवे हजेरीपट लिहिले जातील. त्यांतील कोणत्याही नावापुढे रस्त्यामुळे तांबडी रेघ ओढली जाऊ नये, यासाठी फेरीमागे दोन रुपये हे मोल फार नाही.