औषध मिळाले, दातांचे काय?

5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराची त्रोटक हकिगत प्रसिद्ध झाली. एड्स हे नावदेखील तेव्हा अस्तित्वात नव्हते. लक्ष वेधले ते त्यांच्या फुप्फुसांतील विरळा संसर्गाने. परंतु पाचही जणांना कँडिडा या बुरशीने ग्रासले होते, अशीही नोंद त्यात होती. पुढे धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या जिभेवर हा पांढरा थर आढळला की डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली.

वस्तुतः ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडातही असते. तिच्या शेजारी जिवाणूंचा मोठा गोतावळा नांदतो. मानवी तोंडात आजवर त्यांच्या सुमारे 700 जाती आढळल्या आहेत. लाळेतील प्रतिपिंडे आणि अंतस्त्वचेतील रक्षक पेशी या गर्दीला मर्यादेत ठेवतात. एचआयव्हीचा घाला पडतो तो या संरक्षणाची सूत्रे हलविणाऱ्या सीडी-4 पेशींवर. पहारा सैल पडला की एरवी निरुपद्रवी असणारे रहिवासी शिरजोर होतात. हिरड्या लालबुंद होतात, त्यांतून रक्त येते. प्रतिकारशक्ती फारच खालावली तर त्या सडू लागतात आणि दातांखालचे हाडही उघडे पडते.

1996 पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. भारतात ती 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. त्यामुळे असंख्य प्राण वाचले, तोंडातील बुरशीही पुष्कळ हटली. पण सीडी-4 पेशींची संख्या वाढली म्हणून तोंडातला जुना समतोल आपोआप परत येतो असे नव्हे. एचआयव्हीमुळे लाळग्रंथी बिघडतात. काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेले आम्ल ती निष्प्रभ करते. ती आटली की आम्लात वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारख्या जिवाणूंचे फावते आणि दात भराभर किडतात.

हिरड्यांच्या जिवाणूंची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जिवाणू ब्युटिरिक आम्ल सोडतो, आणि पेशींत निद्रिस्त असलेला एचआयव्ही या आम्लाने पुन्हा जागा होऊ शकतो, असे जपानी संशोधकांनी 2009 साली प्रयोगशाळेत दाखविले. काचपात्रातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. तथापि हिरड्यांचे दुखणे किरकोळ समजून सोडून देणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

आणि इथेच खरी अडचण आहे. नकार मिळेल या भयाने कित्येक रुग्ण दंतवैद्याची पायरीच चढत नाहीत, किंवा चढले तर आजार लपवितात. 2017 साली संमत होऊन 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेल्या कायद्याने एचआयव्हीबाधितांस आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली आहे. कायदा कपाटात राहिला तर दात काही दुखावयाचे थांबत नाहीत! औषधांसाठी रुग्ण केंद्रात नियमाने येतच असतो. त्याच वेळी त्याचे तोंड उघडून पाहावे, लाळ आटली आहे का हे विचारावे आणि गरज दिसताच दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. त्यासाठी लागते ती एक विजेरी आणि पाच मिनिटे.