‘येथे’ म्हणजे कोठे? : नेटवर्कवरील बॅकअपमध्ये जोडणीचे दोष कसे शोधावेत

बोलींचे क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाजवळ सर्वांत मोलाचे असे काही असेल, तर ती त्याने गावोगाव हिंडून जमविलेली ध्वनिमुद्रणे होत. व्याकरणाची मांडणी चुकली तर ती पुन्हा करता येते. परंतु जी वृद्ध भाषक स्त्री आता हयात नाही तिच्या तोंडच्या ओव्या आणि कहाण्या संगणकातून पुसल्या गेल्या, तर तो पुरावा कायमचाच नाहीसा होतो. ह्या भीतीपोटी अनेक विभागांत बॅकअपची व्यवस्था केलेली असते. म्हणजे प्रत्येक संगणकातील सामग्रीची प्रत नेटवर्कवरून रोज रात्री दुसऱ्या एका यंत्रावर साठविली जाते. व्यवस्था केली की आपण निर्धास्त होतो. प्रत खरोखर पोचते की नाही, आणि पोचत नसल्यास दोष नेमका कोठे शोधावयाचा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी ‘बॅक्युला’ ही मुक्त परवान्याची प्रणाली घेतली आहे. तिच्यातील जोडणीचा सर्वांत फसवा दोष भाषेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल, हेही ह्या निवडीचे एक कारण आहे.

१. चार पक्ष आणि चार हाका

‘बॅक्युला’चे काम केर्न सिबाल्ड यांनी २००० साली सुरू केले आणि २००२ साली ती सर्वांसाठी खुली झाली. ही प्रणाली म्हणजे एकच आज्ञावली नव्हे. तिच्यात मुख्यतः चार पक्ष असतात. ‘कन्सोल’वरून आपण आज्ञा देतो. ‘डायरेक्टर’ हा संचालक. कोणत्या यंत्राची प्रत केव्हा घ्यावयाची हे तो ठरवितो. ज्या यंत्राची प्रत घ्यावयाची त्यावर ‘फाइल डीमन’ बसलेला असतो. ‘स्टोरेज डीमन’ हा भांडारपाल. आलेली सामग्री तो डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. प्रत्येकाचे ऐकण्याचे दार, म्हणजे पोर्ट, क्रमांकाने ठरलेले आहे. डायरेक्टरचे ९१०१, फाइल डीमनचे ९१०२ आणि स्टोरेज डीमनचे ९१०३.

आता कोण कोणाला हाक मारतो ते पाहू. कन्सोल डायरेक्टरला हाक मारतो. डायरेक्टर फाइल डीमनला हाक मारतो. डायरेक्टरच स्टोरेज डीमनलाही हाक मारतो. चौथी हाक मात्र फाइल डीमन स्टोरेज डीमनला मारतो, कारण सामग्री डायरेक्टरच्या हातून जात नाही. ती एका डीमनकडून दुसऱ्याकडे परस्पर जाते. भांडारपाल कोठे राहतो हे फाइल डीमनला आधी ठाऊक नसते. तो पत्ता डायरेक्टर त्याला काम सोपविताना सांगतो. पुढील सर्व विवेचन ह्या चौथ्या हाकेवर उभे आहे.

२. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रकल्पात ध्वनिमुद्रणांच्या संगणकाची प्रत घेण्याचे ठरले. डायरेक्टर व स्टोरेज डीमन एकाच सर्व्हरवर होते. कन्सोलवर फाइल डीमनची स्थिती विचारली, उत्तर व्यवस्थित आले. स्टोरेज डीमनची विचारली, तेही व्यवस्थित. सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलींची प्रत रोज रात्री बिनचूक होत होती. आम्ही निश्चिंत झालो. पुढे एका विद्यार्थिनीला एक जुनी मुलाखत परत हवी झाली, तेव्हा असे आढळले की त्या संगणकावरून भांडारात एकही फाइल आलेली नव्हती. सुदैवाने मूळ मुद्रणे शाबूत होती. रोजच्या नोंदवहीत अपयशाची ओळ रोज उमटत होती. ती कोणी वाचली नव्हती, एवढेच.

कारण शोधता असे दिसले की, डायरेक्टरच्या रचनालेखात भांडाराचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ हा शब्द लिहिलेला होता.

३. दर्शक शब्द आणि निरोप्या

‘लोकलहोस्ट’, अथवा त्याचा अंकरूप पर्याय १२७.०.०.१, हे कोणत्याही एका यंत्राचे नाव नाही. जो यंत्रसंच हा शब्द उच्चारील तो स्वतःच त्याचा अर्थ होय. भाषाशास्त्रात अशा शब्दांचा एक वर्ग आपण ओळखतो. ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ ह्यांचा अर्थ बोलणारा, स्थळ आणि वेळ ह्यांवर अवलंबून फिरतो. ऑटो येस्पर्सन यांनी १९२२ साली अशा शब्दांना ‘शिफ्टर’ म्हटले आणि रोमान याकोबसन यांनी १९५७ च्या आपल्या निबंधात त्या संकल्पनेची सविस्तर चिकित्सा केली. जुन्या मराठी पत्रांतील ‘इकडील क्षेम, तिकडील कळवावे’ हा संकेत ह्याच वर्गातला. पत्र लिहिणाऱ्याचे ‘इकडे’ हे वाचणाऱ्याचे ‘तिकडे’ असते आणि वाचणारा तो बदल मनातल्या मनात करून घेतो.

यंत्र हा बदल करीत नाही. डायरेक्टर हा अशा निरोप्यासारखा आहे, की जो धन्याचे शब्द जसेच्या तसे पोचवितो. ‘भांडार येथेच आहे’ असे त्याच्या रचनालेखात आहे. तो स्वतः भांडाराशी बोलतो तेव्हा ते खरेच असते, कारण दोघे एकाच यंत्रावर आहेत. परंतु तेच वाक्य त्याने दूरच्या फाइल डीमनला सांगितले, की ‘येथे’चा अर्थ त्या दूरच्या संगणकावर असा होतो. फाइल डीमन स्वतःच्याच घरात ९१०३ क्रमांकाचे दार ठोठावतो. तेथे कोणी नसते, आणि काम बंद पडते.

कन्सोलवरील आमच्या दोन्ही चौकशा का फसव्या ठरल्या, हे आता उघड होईल. त्यांनी दुसरी व तिसरी हाक तपासली. चौथी तपासलीच नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलींची प्रत होत होती, कारण तेथे बोलणारा आणि ऐकणारा ह्यांचे ‘येथे’ एकच होते. उपाय साधा आहे. भांडाराच्या पत्त्यात दर्शक शब्द न घालता विशेषनाम घालावे; म्हणजे सर्व यंत्रांना एकाच ठिकाणी नेईल असे सर्व्हरचे पूर्ण नाव वा नेटवर्कवरील अंकरूप पत्ता लिहावा.

४. शोधाचा क्रम

ह्यावरून एक सर्वसाधारण नियम निघतो : जो हाक मारतो त्याच्या यंत्रावरून चाचणी घ्यावी. चौथी हाक तपासावयाची तर सर्व्हरसमोर बसून काही कळणार नाही. ध्वनिमुद्रणांच्या संगणकावरून ‘टेलनेट’ने भांडाराच्या ९१०३ ह्या दाराशी जोडणी होते का, ते पाहावे. त्यानंतर उत्तराचे स्वरूप लक्षात घ्यावे.

(अ) नावाचा पत्ता लागला नाही असे उत्तर आले, तर त्या संगणकाला भांडाराचे नाव माहीत नाही. नामव्यवस्था किंवा त्या संगणकाची ‘होस्ट्स’ फाइल दुरुस्त करावी.

(आ) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा तत्काळ नकार आला, तर बहुधा यंत्र सापडले आहे, पण त्या दाराशी ऐकणारा कोणी नाही. डीमन बंद असेल. अथवा तो केवळ स्वतःच्या घरातील हाका ऐकण्यास बांधलेला असेल. डेबियनच्या वाटपात मूळ रचनालेखांतच ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ असा असतो. येथे तोच दर्शक शब्द बोलण्याऐवजी ऐकण्याच्या बाजूला आलेला आहे. तो बदलून डीमन पुन्हा सुरू करावा लागतो.

(इ) बराच वेळ काहीच उत्तर न येता मुदत संपली, तर वाटेत फायरवॉल हाक गिळून टाकीत असण्याचा संभव अधिक. भांडाराच्या यंत्रावर ९१०३ आणि प्रत घ्यावयाच्या यंत्रावर ९१०२ हे दार उघडे आहे का, हे पाहावे.

(ई) जोडणी झाली, पण ओळख पटली नाही असा संदेश आला, तर नेटवर्कचा दोष नाही. दोन्ही पक्षांच्या रचनालेखांतील नावे व संकेतशब्द अक्षरशः जुळावयास हवेत. संकेतशब्द स्वतः तारेवरून जात नाही. एक पक्ष प्रश्न टाकतो व दुसरा त्या शब्दाच्या आधारे उत्तर सिद्ध करतो. म्हणून एका अक्षराचा फरकही नकारास पुरेसा होतो.

५. मध्येच तुटणारी जोडणी

आणखी एक प्रकार निराळा आहे. काम सुरळीत सुरू होते, तासन्‌तास चालते आणि अखेरीस तुटते. सामग्री फाइल डीमनकडून भांडाराकडे वाहत असताना डायरेक्टरशी असलेली जोडणी मुकी असते. वाटेतील फायरवॉल अशा मुक्या जोडणीला मृत समजून तोडतो. लिनक्समध्ये जोडणी जिवंत आहे की नाही ह्याची स्वयंचलित विचारपूस मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, सुरू होते. पुष्कळ फायरवॉल तेवढा धीर धरीत नाहीत. ‘हार्टबीट इंटरव्हल’ हे कलम घालून ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर ६० सेकंदांनी, हुंकार देण्याची व्यवस्था केली म्हणजे हा दोष सहसा दूर होतो. कथा ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हूं’ म्हणावे, तसाच हा प्रकार होय.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली अशी, की जोडणी बिघडल्यास ‘नेटवर्क बंद आहे’ असा मोघम निष्कर्ष न काढता कोण कोणाला, कोठून आणि कोणत्या पत्त्यावर हाक मारीत आहे, हे एकेक करून तपासावे. दुसरी अशी, की ‘सर्व ठीक’ हे स्थितीचे उत्तर म्हणजे प्रत असल्याचा पुरावा नव्हे. महिन्यातून एकदा एखादी फाइल भांडारातून परत मागवावी आणि ती उघडून ऐकावी. तो आवाज ऐकू आला, तरच तो जतन झाला आहे असे म्हणता येईल.